'अंकल टॉम्स केबिन'चे पडसाद
हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी वॉशिंग्टनच्या 'नॅशनल एरा' या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात १८५१ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि मार्च १८५२ मध्ये पुस्तकरूपाने येताच पहिल्या वर्षभरात अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिच्यामागे १८५० च्या पलायित गुलाम कायद्याविषयीचा, म्हणजे उत्तरेत पळून आलेल्यांनाही पकडून मालकाच्या हवाली करणे बंधनकारक करणाऱ्या कायद्याविषयीचा, संताप होता. गुलामगिरी चालू असलेल्या दक्षिणेने तिला खोटी ठरवले, तेव्हा स्टो यांनी १८५३ मध्ये आधारभूत पुराव्यांचा स्वतंत्र ग्रंथच काढला. मेरीलँडमधील सॅम्युअल ग्रीन या मुक्त कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरझडतीत ही कादंबरी सापडली आणि केवळ ती बाळगल्याबद्दल १८५७ मध्ये त्यांना दहा वर्षांची कैद झाली; तिच्या धाकाचा याहून बोलका पुरावा नाही. पळालेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन प्राण देणारा कादंबरीतला मूळचा टॉम, म्हणजे तिचा गुलाम नायक, पुढे तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी रंगभूमीवर लाचार म्हातारा करून टाकला, आणि दुर्दैवाने तोच लोकांच्या मनात ठसला. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये मात्र दोष खुद्द कादंबरीच्याच पदरात घातला: तिच्या भावुकतेखाली कृष्णवर्णीयांचे माणूसपण झाकले जाते, हा त्यांचा आक्षेप आजही रास्त ठरतो.