एकशेवीस म्हणजे किती उंच?

डॉक्टरांकडच्या रक्तदाब मोजायच्या त्या लांबट पेटीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला काचेची नळी दिसायची. रबरी फुगा दाबला की पारा सरसर चढायचा, किल्ली सैल केली की उतरायचा. आता घरोघरी बॅटरीवरची यंत्रं आली, त्यांत पाऱ्याचा थेंबही नाही. तरी ‘एकशेवीस’ हा आकडा अजून पाऱ्याच्या स्तंभाची मिलिमीटरमधली उंचीच आहे.

या आकड्याचं कूळ शोधायला गेलं, तर ते दवाखान्यात नाही, पाण्याच्या पंपात सापडतं. पंप पाणी साधारण दहा मीटरच्या वर ओढत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात याचं कारण दिलं, की लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो. इटलीतल्याच टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाला ते पटलं नाही. पंप पाणी ओढतच नसेल, बाहेरची हवाच ते वर ढकलत असेल तर? मग पाण्याच्या १३.६ पट जड असलेला पारा त्या हिशेबात कमी चढायला हवा. १६४४ च्या पत्रात त्याने पाऱ्याने भरलेल्या दोन नळ्या भांड्यातल्या पाऱ्यात उलट्या उभ्या करायचा प्रयोग कळवला. पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला होता. एका नळीच्या टोकाला काचेचा मोठा गोळा होता, दुसरी साधी. पातळी दोन्हींत सारखीच. वरची पोकळी पाऱ्याला ओढत असती, तर मोठ्या पोकळीने जास्त ओढलं असतं. मला तर ७६ च्या आकड्यापेक्षा ही जोडीच भारी वाटते.

१६४८ मध्ये पास्कलने आपल्या मेव्हण्याला नळ्या घेऊन फ्रान्सातला प्वी द दोम डोंगर चढायला लावलं. वर हवा कमी, पाराही खाली.

शरीरातला दाब मोजायला मात्र पुढचं शतक उजाडावं लागलं. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीच्या धमनीत नळी घातली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ मध्ये त्याने हे छापलं. आजच्या मापात हा दाब १९५ च्या आसपास भरतो. बांधलेल्या, भेदरलेल्या जनावराचा तो आकडा, नवल नाही. पण अडीच मीटरची नळी दवाखान्यात कोण उभी करणार? प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८२८ मध्ये इंग्रजी यू-आकाराच्या नळीत पारा भरला आणि उंची वीतभरावर आणली. नळीचं एक तोंड हवेला उघडं, म्हणून वातावरणाचे ७६० मिलिमीटर हिशेबातून आपोआप गळतात. आपले एकशेवीस त्यांच्यावरचे.

धमनी न कापता मोजण्याचं सोपं साधन १८९६ मध्ये तुरीनच्या रिवा-रोच्ची या डॉक्टरने केलं. दंडाला बांधायला सायकलची ट्यूब वापरून. पट्टा अरुंद होता. द्रवात दाब सगळीकडे सारखा पोचतो, मांसात तसं होत नाही. अरुंद पट्ट्याचा दाब खोलवरच्या धमनीपर्यंत पुरता जात नाही, मग हवा जास्त भरावी लागते आणि आकडा फुगतो. पुढे पट्टा रुंद झाला. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला, तर आजही तेच होतं. ‘एकशेवीस-ऐंशी’मधला खालचा ऐंशीचा आकडा आला १९०५ मध्ये, कोरोटकोफ या रशियन डॉक्टरने दंडावर स्टेथोस्कोप ठेवून धमनीचे आवाज ऐकल्यावर.

पारा विषारी, म्हणून मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने पाऱ्याची ही यंत्रं बनवणं २०२० पर्यंत थांबवायचं ठरवलं. एकक मात्र हटलं नाही. पास्कलच्या नावाच्या एककात एकशेवीस म्हणजे सोळा किलोपास्कल. पण ‘आजोबा, तुमचं बीपी सोळा आहे’ असं कुठल्या डॉक्टरने सांगून बघावं!