क्रूझर मोटारसायकलचे घरगुती फेरबदल

लांब व्हीलबेस, बुटके आसन व पुढे सरकवलेले फूटरेस्ट असलेल्या मोटारसायकलला इतर उत्पादकांचे सुटे भाग घरीच बसवण्याची पद्धत. बजाज ऑटोच्या ॲव्हेंजरने (2005) क्रूझर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. हैदराबादेत नामपल्लीजवळच्या गोशामहल भागात सुट्या भागांची दुकाने आहेत. पण भाग मिळाला म्हणजे तो शोभेलच असे नाही. घरच्या कामाची हद्द मूळ बोल्टांच्या छिद्रांपाशी संपावी. विंडशील्ड, पाठटेकू, सॅडलबॅग हे भाग पान्याने बसतात आणि काढताही येतात. उंच हँडलबारने मात्र केबल व ब्रेकचा होज आखूड पडतो. हँडल पूर्ण वळवताच थ्रॉटल केबल ताणली, तर इंजिन आपोआप रेस होते. कार्ब्युरेटरच्या गाडीला मोकळा सायलेन्सर लावून जेट तोच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापू शकते.

गाडी स्वतःची असताना कायद्याची आडकाठी कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु रस्ता सामायिक असतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 मूळ वैशिष्ट्य पालटणाऱ्या रचनाबदलाला आळा घालते. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्धचे बदल अमान्य ठरवले. मोठ्या आवाजामुळे इतर वाहनचालक सावध होतात, हा युक्तिवादही लंगडा आहे. सायलेन्सरचा आवाज मुख्यतः मागे जातो, धोका बहुधा समोरून येतो. सजावटीला मुभा आणि रचनेला मर्यादा, हाच तोडगा व्यवहार्य ठरतो.