श्रवणतंतूवरील अर्बुद आणि यशाचा अर्थ

शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे आम्ही म्हणतो, तेव्हा त्या यशाचा अर्थ काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. रोगी जगला, एवढ्यावर आमचे समाधान होते. परंतु एका विरळ व्याधीचा इतिहास पाहिला असता हा अर्थ वारंवार पालटलेला दिसतो.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांतील आठवी श्रवणाची व शरीराच्या तोलाची. हा तंतू कानाच्या हाडातील एका अरुंद बोगद्यातून जातो, आणि त्याच्या अगदी लगत चेहरा हालविणारा सातवा तंतू असतो. आठव्या तंतूच्या वेष्टनावर क्वचित अर्बुद उत्पन्न होते. ते कर्करोगाप्रमाणे शरीरभर पसरत नाही, सावकाश वाढते. प्रथम एक कान बधिर होतो, पुढे तोल जातो, आणि अखेर मेंदूवर दाब पडून प्राणावर बेतते. लायडनच्या सँडिफोर्ट यांनी अशा गाठीचे वर्णन १७७७ सालीच केले होते. पण ते शवविच्छेदनानंतर!

१८९४ साली लंडनच्या बॅलन्स यांनी मेंदू व गाठ यांच्यामध्ये बोट घालून ती काढली. रोगी वाचला, मात्र त्याचा चेहरा लुळा पडला व एक डोळा गमवावा लागला. ती गाठ याच जातीची होती की काय, याविषयी पुढे शंका निघाली. १८९५ साली एडिंबरोच्या ॲनन्डेल यांनी एका गर्भवती स्त्रीचे अर्बुद काढले. ती बरी होऊन यथाकाल प्रसूतही झाली. पण असे भाग्य थोड्यांचेच. पुढील वीस वर्षांत या शस्त्रक्रियेत मृत्यू हाच नियम व जगणे हा अपवाद होता.

अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या विषयावर ग्रंथ लिहून निराळा मार्ग दाखविला. गाठीचे कवच तसेच ठेवून आतील भाग तेवढा कोरून काढावा, हा तो मार्ग होय. मृत्यू घटले, पण उरलेले कवच पुन्हा वाढे. कुशिंग यांच्याच हाताखाली शिकलेले वॉल्टर डँडी यांनी १९२२ साली संपूर्ण गाठ काढण्याचा पुरस्कार केला, आणि गुरुशिष्यांत कायमचे वितुष्ट आले. आम्हांस दोघांचेही म्हणणे खरे वाटते. एकाने आजचे मरण टाळले, दुसऱ्याने उद्याचे. परंतु डँडी यांच्या पद्धतीत चेहऱ्याचा तंतू बहुधा बळी जाई. तोंड वाकडे होई, डोळा मिटेनासा होई. माणूस जगे, पण आरशापुढे उभा राहण्यास कचरे.

लंडनच्या केर्न्स यांनी १९३१ साली संपूर्ण गाठ काढूनही तो तंतू राखला. पुढे १९६० नंतर लॉस एंजेलिसचे कर्णवैद्य विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कानाचे हाड कोरून गाठीपर्यंत वाट केली. तीत उरलेले श्रवण जाई, परंतु चेहऱ्याचा तंतू प्रत्यक्ष दिसू लागला. जे दिसते तेच जपता येते. आज शस्त्राविना किरणांनीही उपचार होतात, आणि लहान गाठीवर कित्येकदा नुसती नजर ठेवतात.

प्रथम प्राण, मग चेहरा, मग श्रवण, असा हा क्रम आहे. काय काढले यावरून वैद्याचे धैर्य कळते. काय राखले यावरून त्याचा विवेक. रोग्यास तर घरी परतल्यावर या दुसऱ्याच गोष्टीबरोबर जन्म काढावयाचा असतो.