बागबाजारचा खंदक आणि रेणूंचे चुंबकत्व

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीच्या नावात मराठ्यांच्या खंदकाची आठवण अजून टिकून आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरली. धास्तावलेल्या कोलकातेकरांनी तेव्हा स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला आणि त्याचा आरंभ बागबाजारपाशी केला. बेत सुमारे सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाले. मराठे शहरावर चालून आलेच नाहीत आणि काम तेथेच थांबले. परंतु गावोगावची लूट खरी होती. बंगालच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’ हा शब्द आजही धाकाचा म्हणून येतो. आपल्या इतिहासाचे हे पान आपणही डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे.

पुढे १७९९ च्या सुमारास या खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला. भीतीने खणलेल्या या रेषेवर पुढील काळात जे उभे राहिले, ते अभिमानाने सांगावे असे आहे. १९१४ मध्ये विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी याच रस्त्यावर झाली, आणि १९१७ मध्ये जगदीशचंद्र बसूंनी शेजारीच आपली संशोधनसंस्था उघडली. जगदीशचंद्रांच्या ग्रंथलेखनास ज्यांनी मनापासून साह्य केले, त्या भगिनी निवेदिता बागबाजारच्याच बोसपाडा गल्लीत राहत. मुलींसाठी त्यांनी १८९८ मध्ये काढलेली शाळाही तेथलीच.

जगदीशचंद्रांचे भाचे देवेंद्रमोहन बसू पितृछत्र हरपल्यावर मामांच्या घरी वाढले. विज्ञान महाविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी १९२० च्या दशकात एक मूलभूत प्रश्न हाती घेतला : लोह, कोबाल्ट, निकेल यांसारख्या धातूंच्या संयुगांना चुंबकत्व येते कोठून? प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकी असते. दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमली की त्यांच्या फिरक्या परस्परांना छेदतात; जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन मात्र इवल्याशा चुंबकासारखा वागतो. या धातूंच्या आयनांचे चुंबकत्व मुख्यतः अशा एकट्या इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवरून मोजता येते, हे देवेंद्रमोहनांनी दाखविले. ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टोनर यांच्या नावाबरोबर त्यांचे नाव या विचाराशी कायमचे जोडले गेले. १९३३ पासून कोलकात्याच्याच बहूबाजारातील इंडियन असोसिएशनमध्ये के. एस. कृष्णन यांनी हे काम आणखी बारकाईने पुढे नेले. बारीक तंतूला स्फटिक टांगून, चुंबकी क्षेत्रात तो कसा वळतो यावरून ते आतील रेणूंची मांडणी ओळखीत.

असा एखादा रेणू चुंबकी असला, तरी त्यावर माहिती साठविणे सोपे नाही. उष्णतेच्या हेलकाव्यांनी त्याची दिशा क्षणोक्षणी बदलते. मग त्याला लोहचुंबकी धातूच्या पृष्ठभागावर बसविले तर? २००७ मध्ये जर्मनीतील हाइको वेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहयुक्त पॉर्फिरिनचे रेणू निकेल व कोबाल्टच्या पातळ थरांवर बसविले. रक्तातील हीम याच कुळातले. धातूच्या थराचे चुंबकत्व उलटविले की रेणूंमधील लोहाचेही उलटे, असे दिसून आले. पुढे २००९ मध्ये मधे ऑक्सिजनचा एकच थर घालताच रेणूंची दिशा धातूच्या विरुद्ध झाली. एवढ्याशा दुव्याने नाते पालटले.

या कथेचा पुढचा अध्याय आपल्याला पुन्हा बंगालमध्ये आणतो. पुण्याच्या आयसरप्रमाणेच २००६ मध्ये स्थापन झालेली कोलकात्याची आयसर ही संस्था नदिया जिल्ह्यातील मोहनपूर येथे आहे. तेथील स्वाधीन मंडल यांच्या गटाने फेनालेनिल कुळातील एक जस्तयुक्त रेणू तयार केला. अमेरिकेतील एमआयटीचे जगदीश मूडेरा, कार्तिक रामन व जर्मन सहकारी यांच्यासह केलेले हे काम २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. हा रेणू मुळात चुंबकी नव्हे! परंतु कोबाल्टवर बसताच त्याचे इलेक्ट्रॉन धातूच्या इलेक्ट्रॉनांत मिसळतात आणि पहिल्या थराला स्वतःचे चुंबकत्व येते. त्यातून जाणारा विद्युतप्रवाह फिरकीनुसार गाळला जातो. विद्युतरोधात वीस टक्क्यांहून अधिक फरक पडला, आणि तोही खोलीच्या तापमानाच्या जवळपास. शिवाय दोन चुंबकी थरांऐवजी एकच पुरला. भावी काळातील अतिसूक्ष्म स्मृतिसाधनांच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे.

देवेंद्रमोहनांनी मोजमाप केले, तेव्हा अशा साधनांची कल्पनाही कोणाला नव्हती. त्यांना केवळ एका प्रश्नाचे खरे उत्तर हवे होते. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत कागदावर लोहकीस भुरभुरवून खाली चुंबक धरला असेल, आणि कीस आपोआप रेषांत उभा राहिलेला पाहून ‘असे का?’ म्हणून विचारले असेल. साठ वर्षांच्या वाटचालीत शाळेने काय दिले, याचा हिशेब मांडताना त्या ‘का’ची नोंद अवश्य व्हावी. शहराभोवती खणलेला खंदक अर्धाच राहिला आणि पुढे बुजलाही. त्याच जागेवर विचारलेला प्रश्न मात्र शतकभराने दूरदेशीच्या प्रयोगशाळांना जोडणारा दुवा झाला.