भिंतीवरचे चित्र आणि घरातील सांजप्रार्थना

खुलताबादहून म्हैसमाळची चढण चढून पठारावर गेले, की गिरिजादेवीच्या मंदिराबरोबरच दूरदर्शनचा उंच मनोराही दृष्टीस पडतो. खाली खुलताबादेत सुफी संतांचे दर्गे, औरंगजेबाची साधी कबर आणि भद्रा मारुतीचे मंदिर. तेथून जवळच वेरूळची लेणी. माणसे कशासाठी व कशी एकत्र येतात, याचा शतकानुशतकांचा इतिहास या एका तालुक्यात सामावला आहे. म्हैसमाळचा तो मनोरा हे त्यातील अगदी अलीकडचे प्रकरण. दूरदर्शनने आपला समाज बिघडवला असे आपण सहज म्हणून जातो. वेदीवरून आम्ही धर्मगुरूंनीही अनेकदा तसे म्हटले आहे. परंतु काय घडले ते क्रमाने पाहिल्याशिवाय असा निवाडा देणे न्यायाचे होणार नाही.

चित्रांतून कथा सांगणे या भूमीला नवे नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळी खोदलेल्या वेरूळच्या कैलास लेण्यात मुख्य मंदिराच्या एका बाजूस रामायणाचे, तर दुसऱ्या बाजूस महाभारताचे प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. युरोपातील प्राचीन चर्चच्या रंगीत काचांनी बायबलमधील कथा निरक्षर भाविकांना अशाच सांगितल्या. मात्र ते चित्र पाहण्यासाठी माणसाला घर सोडून जावे लागे, आणि पाहताना शेजारी दुसरे कोणीतरी उभे असे.

भारतात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी पुण्यालाही चित्र दिसू लागले. ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत संवाद साधला, ‘ज्ञानदीप’मुळे गावोगावी प्रेक्षकांची मंडळे स्थापन झाली. संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे, असा तो काळ. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. १९८३ साली इन्सॅट-१ब उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ च्या काही महिन्यांत देशात जवळजवळ दिवसाला एक या गतीने प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ ची. म्हणजे आपला धर्मप्रांत आणि मराठवाड्याच्या खेड्यांतील दूरदर्शन ही साधारणतः एकाच पिढीची अपत्ये.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच संच होता. वारा सुटला की कोणीतरी माळवदावर चढून अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं!’ असा गलका होई. त्या काळी सारे गाव एकत्र बसून टीव्ही पाहत असे, असे आपण आज कौतुकाने सांगतो. ते खरे आहे. पण पूर्ण खरे नाही. आमच्या वस्तीतील मुलांना त्या घराच्या दारातून पाहण्याची मुभा होती, उंबरठा ओलांडण्याची नव्हती. पुढे वस्तीतील एका कुटुंबाने हप्त्यांवर संच घेतला, तेव्हा आम्ही प्रथमच मांडी घालून, आत बसून चित्र पाहिले. तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून घरोघरी संच आले यात केवळ चंगळवाद पाहणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची लाचारी त्याने संपवली, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे.

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता रामायण मालिका सुरू झाली. त्या वेळी रस्ते ओस पडत. कित्येक घरी संचाला हार घातला जाई. आमच्या गावी मिस्सा नऊ वाजता असे. हळूहळू मागचे बाक रिकामे दिसू लागले. तेव्हाच्या आमच्या धर्मगुरूंनी रागावण्याऐवजी मिस्साची वेळ साडेसातवर आणली. काही वडीलधाऱ्यांना तो पराभव वाटला. परमेश्वराची वेळ टीव्हीने ठरवावी काय, असा त्यांचा सवाल होता. पेरणीच्या दिवसांत वेळ बदलतोच ना, असे फादरांचे शांत उत्तर होते. आज मागे वळून पाहता मला दोघांचेही म्हणणे पटते. मात्र त्या मालिकेला निदान ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट होता. ती संपली की संच बंद होई आणि माणसे ओट्यावर बोलत बसत.

खरा पालट त्यानंतर झाला. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. केबलची तार घरात शिरली आणि मालिका आठवड्याची न राहता रोजची झाली. तिने नेमकी दिवेलागणीनंतरची घटका व्यापली. हीच घटका आपल्या खेड्यांत पवित्र जपमाळेची होती. मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या प्रार्थना याच वेळी आजीच्या तोंडून नातवंडांच्या कानी पडत. जपमाळ कोणी बंद केली नाही. ती आधी जेवणानंतर, मग झोपण्यापूर्वी आणि शेवटी ‘उद्या’वर गेली.

ख्रिस्तसभेने या साधनाकडे कधीही केवळ संशयाने पाहिले नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांवर विश्वपत्र काढले आणि १९५८ साली असिसीच्या संत क्लेअर यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. नाताळच्या रात्री आजारपणामुळे त्यांना मंदिरात जाता आले नाही. तेव्हा तेथील उपासना त्यांनी अंथरुणावरूनच पाहिली व ऐकली, असे परंपरा सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयीचा स्वतंत्र आदेश प्रसिद्ध केला. १९९४ या कुटुंबवर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आईवडिलांना उद्देशून सांगितले, की मुलांना सांभाळण्याचे काम संचावर सोपवू नका, कार्यक्रम निवडा, त्यांवर मुलांशी बोला आणि प्रसंगी संच सरळ बंद करा.

मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये मंदिरांची दारे बंद झाली. २७ मार्चच्या पावसाळी सायंकाळी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे प्रार्थना करीत असलेले साऱ्या जगाने पडद्यावर पाहिले. दुसऱ्याच दिवशी दूरदर्शनवर पुन्हा रामायण सुरू झाले. वर्षानुवर्षे टीव्ही बंद करा म्हणणारे आम्ही धर्मगुरू, ‘टीव्हीसमोर बसा, मिस्सा लागली आहे’ असे सांगू लागलो! काळाने आमचा अहंकार उतरवला म्हणायचा. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. बहुतेक लोक परतले. काही जण मात्र अजूनही पडद्यासमोरच आहेत.

त्यांच्यापैकी अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध मातेला मी ख्रिस्तशरीर देण्यासाठी जातो. मिस्सा लागण्यापूर्वी ती डोक्यावर पदर घेते, हात जोडते. ती संत क्लेअरचीच बहीण. क्लेअरला मिस्सा दिसली, ती तिला जाता येत नव्हते म्हणून. जायचे नव्हते म्हणून नव्हे. धडधाकट माणसाने घरी बसून, चहा घेत पाहिलेली मिस्सा आणि त्या मातेने पाहिलेली मिस्सा यांत चित्र एकच असले, तरी अंतर फार मोठे आहे.

आज तर टीव्हीचेही दिवस सरत आले. प्रत्येकाच्या तळहातावर स्वतंत्र पडदा आहे. एकाच खोलीत चौघेजण चार चित्रे पाहतात. अशा वेळी मालिकेसाठी का होईना एकत्र बसणारे घर मला आता भाग्यवान वाटू लागले आहे. या इतिहासातून मला उमगले ते एवढेच: पडदा केवढा आहे याला महत्त्व नाही, पाहताना आपल्या शेजारी कोण बसले आहे आणि आपल्या दाराबाहेर कोण उभे आहे, याला आहे.

म्हणून संच फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. दिवेलागणीची पंधरा मिनिटे तेवढी परत मिळवू या. आजीच्या हाती जपमाळ देऊ या आणि नातवाला तिच्या शेजारी बसवू या. आणि दारात कोणी उभे असेल, तर त्याला आत बोलावू या. उंबरठ्याबाहेर उभे राहणे काय असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.