धान्यमापे
धान्यासारखा कोरडा माल वजनाऐवजी आकारमानाने मोजण्याची भांडी. कौटिलीय अर्थशास्त्रात (अधिकरण 2, अध्याय 19) 4 कुडुबांचा प्रस्थ, 4 प्रस्थांचा आढक व 4 आढकांचा द्रोण असे कोष्टक दिले आहे. माप वाळलेल्या, कठीण लाकडाचे असावे आणि शिगेत चौथा हिस्सा मावावा, असा दंडक होता. पौतवाध्यक्षाच्या (वजनमापांवरील अधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली दर चार महिन्यांनी मापे तपासून मुद्रांकित केली जात; बिनमुद्रेचे माप वापरल्यास सव्वासत्तावीस पण (तत्कालीन नाणी) दंड होई.

महाराष्ट्रात चिपटे (पाव शेर), मापटे (अर्धा शेर), शेर, पायली (4 शेर), मण व खंडी (20 मण) ही मापे रूढ होती. शेर-पायलीचे आकारमान गावोगाव बदले. माप शिगोशीग भरायचे की काठोकाठ, यावरही घेणाऱ्याचा नफा-तोटा ठरे. म्हणूनच सरकारी तपासणी हे गरीब गिऱ्हाइकाचे मोठे संरक्षण होते. पेशवाईत पुण्यातील वजनमापांवर कोतवालाची देखरेख असे. मुंबई प्रांतात 1932 च्या कायद्याने वजनमापे प्रमाणित करण्यात आली. 1956 च्या केंद्रीय कायद्याने देशभर मेट्रिक पद्धतीचा पाया घातला.