वाइल्डर, जॉन टी.
(१८३०–१९१७). अमेरिकन यादवी युद्धातील (पहा : अमेरिकन यादवी युद्ध) संघपक्षाचा सेनाधिकारी व मूळचा ओतशाळा-कारखानदार. जन्म न्यूयॉर्क राज्यात. व्यवसाय इंडियानातील ग्रीन्सबर्ग येथे. त्याचे लष्करी महत्त्व त्याच्या उद्योजकतेतूनच आले, असे पुराव्यावरून दिसते. १८६३ मध्ये त्याने आपल्या पायदळ ब्रिगेडला घोडे दिले आणि सात गोळ्यांच्या स्पेन्सर रायफलींसाठी स्वतःची पत तारण ठेवली. सैनिकांनी पगारातून परतफेड मान्य केली, पुढे खर्च सरकारने उचलला. याच शस्त्रांच्या व वेगाच्या बळावर ब्रिगेडने २४ जून १८६३ रोजी हूव्हर्स गॅप ही खिंड काबीज केली. त्याने मन्फर्डव्हिल येथे पत्करलेली शरणागती (सप्टेंबर १८६२) हा त्याच्या लष्करी कर्तृत्वावरील आक्षेप मात्र टिकत नाही. कारण तेथे त्याला वेढा घालणारे सैन्य कितीतरी पटींनी मोठे होते. युद्धानंतर त्याने टेनेसीत लोहउद्योग उभारला.